बाकासकट सासरे

"तुम्ही नाहीतरी तिकडेच चाललाय. बाबांना बरोबर घेऊन जा," डबा पुढे सरकवत बायको म्हणाली.

नवऱ्याच्या हातातला चहाचा कप बशीवर परत बसला. "आज? अगं, आज त्यांची लॅबच हलवतोय मी. सगळं सामान खोक्यांत. आज तिथे रक्त द्यायला कोण जातं?"

"बाबा जातात. महिन्याचा पहिला सोमवार आहे."

"उद्या गेले तर नाही का चालणार?"

"उद्या मंगळवार आहे," बायको म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. ती शेवटी त्यांचीच मुलगी.

हा नवरा ज्या कंपनीत सुपरवायझर होता, ती प्रयोगशाळा आणि हॉस्पिटलचे विभाग एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी मांडून द्यायची. 'जसंच्या तसं' हे कंपनीचं ब्रीद. ते टेम्पोवर, टोप्यांवर आणि चिकटपट्टीवरसुद्धा छापलेलं होतं. हाताखालची माणसं त्याला हळूसाहेब म्हणत, कारण कामावर असताना त्याच्या तोंडून निघणाऱ्या शब्दांपैकी निम्मे 'हळू' हेच असत. उरलेले निम्मे छापण्यासारखे नसत.

हळूसाहेब आधी त्याच कंपनीच्या घरगुती खात्यात होता. तिथे त्याने उमेदीची वर्षं सोफे हलवण्यात घालवली होती. जिन्याच्या वळणावर सोफा अडकलाय, खालून यजमान सूचना देतायत, वरून यजमानीणबाई त्याच्या बरोबर उलट सूचना देतायत, आणि मधे सोफ्याखाली आपण, हे स्वप्न त्याला अजून पडे. त्यामुळे मालकांनी आदल्या दिवशी बोलावून जे सांगितलं, ते त्याच्या वर्मी बसलं होतं. "ही लॅब नीट पोचली तर अख्खं हॉस्पिटल आपल्याकडे येईल. नाही पोचली, तर तुम्ही आहात आणि सोफे आहेत."

म्हणजे आजचा दिवस साधा नव्हता. आणि आजच्या दिवशी सासरे बरोबर होते.

सासरे पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. माल बांधणं ही एक विद्या आहे, ती फक्त त्यांच्या खात्याला अवगत होती आणि त्यांच्याबरोबर ती निवृत्त झाली, अशी त्यांची धारणा होती. जावयाच्या कंपनीची चिकटपट्टी त्यांनी एकदा हातात धरून उजेडात बघितली होती आणि काही न बोलता परत दिली होती. कुणी विचारलंच की जावई काय करतात, तर ते सांगत, "सामान उचलतात." मग ऐकणाऱ्याला सावरायला जरा वेळ देऊन पुढे म्हणत, "तेही लोकांचं."

त्यांना साखर होती. पण त्यांच्या साखरेलाही शिस्त होती. ठरलेली न्याहारी, ठरलेला फेरफटका, ठरलेली गोळी. महिन्याच्या पहिल्या सोमवारी उपाशीपोटी रक्त, मग खाऊन दोन तासांनी पुन्हा रक्त. खाल्ल्यानंतरचा आकडा दर महिन्याला इतका सारखा यायचा, की लॅबच्या प्रमुख डॉक्टरबाई त्यांना 'घड्याळकाका' म्हणत. डॉक्टरबाई कुणाचं कौतुक करत नसत. सासऱ्यांनी हे एवढं एकच कौतुक आयुष्यभर पुरवून वापरायचं ठरवलं होतं.

लॅबमध्ये पोचल्यावर उपाशीपोटीचं रक्त जुन्या जागेत निघालं, ते त्या जागेतलं शेवटचं. एरवी सासरे न्याहारीला घरी जाऊन येत, आज त्यांनी घरून आणलेली न्याहारी तिथेच खाल्ली. टेक्निशियन बाई रक्त घेऊन मशीनकडे निघताना त्यांना सांगून गेली, "काका, आता दुसरं रक्त नव्या इमारतीत. आणि तोवर शांत बसून राहायचं हं. फिरायचं नाही, नाहीतर आकडा चुकतो."

हे वाक्य ती रोज पन्नास जणांना सांगत असेल. ते ऐकणारा आज पहिल्यांदाच भेटला होता.

हळूसाहेबाची पद्धत सोपी होती. जे न्यायचं त्यावर हिरवा स्टिकर, जे सोडायचं त्यावर लाल. कपाटं, फ्रीज, मायक्रोस्कोप, अगदी डॉक्टरबाईंची उशी लावलेली खुर्चीसुद्धा हिरवी. भिंतीवरचा बंद पंखा आणि बाहेरचा जुना लाकडी बाक लाल. नव्या जागी पेशंटसाठी चकचकीत खुर्च्या होत्या, बाकाला तिथे जागा नव्हती. सासरे आधी केमिकलच्या कपाटाला पाठ टेकून चपलेतला खडा काढत उभे राहिले, आणि मग जाऊन नेमके त्याच बाकावर बसले.

"बाबा, चला, आपण नव्या इमारतीत जाऊ. आवारातच आहे, त्या टोकाला."

"कसं जायचं?"

"चालत. पाच मिनिटं."

सासऱ्यांनी जावयाकडे असं बघितलं, जसं पत्ता न लिहिलेल्या पार्सलकडे बघत असतील. "ती काय सांगून गेली ते ऐकलंत का? फिरायचं नाही."

"ते फिरायला जाऊ नका अशा अर्थी. एवढंसं चाललं तर..."

"लॅबमधली ती की तुम्ही?"

"बरं, व्हीलचेअर आणतो."

"मला काय झालंय व्हीलचेअरमध्ये बसायला? मी पेशंट आहे का?"

"रक्त द्यायला आलाय, बाबा."

"रक्त देतो तो दाता," सासरे म्हणाले आणि त्यांनी हात छातीवर बांधले. "वेळ झाली की रक्त घ्यायला या. मी इथून हलत नाही."

हळूसाहेबाने घड्याळ बघितलं. पलीकडे लिफ्ट मोकळी करून घ्यायची होती. दुपार व्हायच्या आतच हॉस्पिटलचे अध्यक्ष नव्या लॅबची फीत कापणार होते आणि त्याआधी मशीन चालू होऊन त्यावर पहिली तपासणी झालेली हवी, असा डॉक्टरबाईंचा हट्ट होता. त्याने मुकादमाला बोलावलं. मुकादम प्रामाणिक होता, ताकदवान होता, आणि दर वस्तू उचलण्याआधी फोन करून विचारायचा. 'साहेब, कचऱ्याचा डबा घेऊ? साहेब, डब्यात कचरा आहे, कचरा घेऊ?' मागच्या कामात हळूसाहेबाच्या फोनची बॅटरी दुपारीच उतरली होती.

"हे बघ, मी पुढे जातो. हे माझे सासरे, यांच्यावर लक्ष ठेव. बाकी नेहमीचंच. हिरवं दिसलं की चढवायचं, लाल दिसलं की सोडायचं. मला फोन करायचा नाही."

"आणि शंका आली तर?"

"शंका यायची नाही."

"बरं साहेब," मुकादम म्हणाला आणि त्या क्षणापासून त्याला शंका येणं बंद झालं.

*

नव्या इमारतीच्या मागच्या दाराशी हळूसाहेब लिफ्ट अडवून उभा होता. टेम्पो बैलगाडीच्या चालीने येत होता, कारण त्यात रक्त तपासायचं मशीन होतं. ते मशीन म्हणजे लॅबचा जीव. त्याच्या पोटाला कंपनीने एक पांढरी टिकली चिकटवली होती. मशीनला दणका बसला किंवा ते कललं, की ती टिकली लाल होई. ती लाल झाली की सोफे.

टेम्पो थांबला. मुकादमाने मागची फळी पाडली.

आत मधोमध फोमच्या गाद्यांत गुंडाळलेलं मशीन होतं. त्याच्या शेजारी पट्ट्यांनी आवळून बांधलेला लाकडी बाक होता. आणि बाकावर, खांद्यांभोवती फोमची गादी, मांडीवरून आडवा पट्टा, अशा थाटात सासरे बसले होते. त्यांच्या पायाशी एक मोठा खोका होता.

हळूसाहेबाने लिफ्ट सोडून दिली. "बाबा!"

"हळू," सासरे म्हणाले. "हळू उतरवायला सांगा."

"अरे, हे काय केलंस?" हळूसाहेब मुकादमावर धावून गेला. "माणूस चढवलास? मालाबरोबर माणूस? तोही माझा सासरा?"

"साहेब, हिरवा होता."

"कोण हिरवा होता?"

मुकादम आत चढला आणि त्याने अदबीने सासऱ्यांना जरा पुढे वाकवलं. स्वेटरच्या बरोबर मध्यावर हिरवा स्टिकर होता. केमिकलच्या कपाटाचा. आणि सासऱ्यांच्या पाठीमागे इतका वेळ झाकला गेलेला, बाकाचा लाल स्टिकर.

"मला वाटलं, सेट आहे," मुकादम म्हणाला.

"मी विरोध केला नाही," सासरे मधेच म्हणाले. "मला चालायला मनाई होती. यांनी नेतो म्हटलं. आणि खरं सांगायचं तर बाक बांधला बरा होता. गाठ चुकीची होती, ती मी वाटेत सोडून परत मारली."

"पट्टा सोडला होतात चालू गाडीत?"

"गाठ म्हणजे गाठ. चुकीची बघवत नाही."

ओरडून उपयोग नव्हता. हळूसाहेबाने आधी मशीनची गादी वर करून बघितली. टिकली पांढरी. लोण्यासारखी पांढरी. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की टेम्पोत काहीतरी कमी आहे.

"थंड पेटी कुठाय?"

मुकादम पहिल्यांदाच गडबडला. "बाकाला जागा लागली ना साहेब. पेटी दुसऱ्या टेम्पोत टाकली. येतोय तो मागून."

थंड पेटीत ठरावीक ताकदीच्या द्रवाच्या कुप्या होत्या. त्या द्रवात साखर किती हे आधीच माहीत असतं. मशीन जागेवर बसवलं की आधी तो द्रव घालून बघायचा, आकडा जुळला की मशीन शाबूत. आकडा जुळला नाही तर रस्त्यात काहीतरी बिघडलं, आणि ते कुणी बिघडवलं हे विचारायची गरज नसते.

दुसरा टेम्पो येत होता हे खरं होतं. पण पुढच्या फाटकात अध्यक्षांच्या स्वागताची कमान उभारायचं काम चालू होतं, आणि कमानीचा एक खांब नेमका टेम्पोच्या वाटेत होता. कमानवाले म्हणत होते की टेम्पो मागे घ्या, टेम्पोवाला म्हणत होता की कमान मागे घ्या. हे हळूसाहेबाला फोनवर कळलं तोवर मशीन वर जाऊन जागेवर बसलं होतं, सासरेही बाकासकट वर जाऊन लॅबच्या दाराशी बसले होते, आणि मिठाईचा खोका टेबलावर आला होता. हो, मिठाईचा. सासऱ्यांच्या पायाशी होता तो. अध्यक्षांच्या हस्ते सगळ्यांना वाटायचा म्हणून डॉक्टरबाईंनी मागवलेला, आणि हळूसाहेबाच्या माणसांनी रीतसर हिरवा स्टिकर आणि 'जसंच्या तसं' पट्टी लावून आणलेला.

डॉक्टरबाई आल्या. त्या चालत आल्या तरी तपासणीला आल्यासारख्या वाटत. त्यांनी मशीनकडे बघितलं, भिंतींकडे बघितलं, बाकाकडे बघितलं.

"हा इथे कसा?"

"चुकून आला, मॅडम," हळूसाहेब म्हणाला.

"मी बाकाबद्दल विचारतेय."

"मीही बाकाबद्दलच सांगतोय, मॅडम."

"आणि घड्याळकाका?"

"ते बाकावर होते."

डॉक्टरबाईंनी पुढे विचारलं नाही. त्यांच्याकडे वेळ नव्हता. "मशीन तपासलं?"

"थंड पेटी फाटकात अडकलीय. पाच-दहा मिनिटांत येईल."

"अध्यक्ष पाच-दहा मिनिटांत येतील. पहिला रिपोर्ट त्यांच्यासमोर छापून निघायला हवा, तसं ठरलंय." त्यांची नजर बाकावर स्थिरावली. "काका, तुमची वेळ झाली ना?"

"झाली," सासरे म्हणाले. पण नेहमीसारखे ताठ नाही म्हणाले. "म्हणजे... झालीच असं नाही. घाई नको. आधी तो द्रव येऊ दे. नियम तो नियम."

हळूसाहेबाला नवल वाटलं. सासऱ्यांना लवकर रक्त नको होतं, हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"तुमचा आकडा म्हणजे नियमच की!" डॉक्टरबाई आज पहिल्यांदा हसल्या. "इतकी वर्षं मी तो बघतेय. तुमचा आकडा नेहमीचा आला, तर मशीन नेहमीचं आहे. द्रव आला की तोही घालू. घे गं रक्त," त्यांनी टेक्निशियन बाईला सांगितलं.

सासऱ्यांनी बाही वर केली. एवढी वर्षं सुईकडे रोखून बघणारा हा माणूस आज खिडकीकडे बघत होता.

मशीन घुमलं. सगळे त्याच्याभोवती उभे राहिले. हळूसाहेबाने मनातल्या मनात देवाला हात जोडले. मुकादमाने ते बघून उघड जोडले. पडद्यावर आकडा उमटला.

टेक्निशियन बाईने तो वाचला नाही. ती नुसती बाजूला झाली. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. आकडा तसाच होता. नेहमीच्या आकड्याच्या डोक्यावर नेहमीचाच आणखी अर्धा आकडा बसवावा, इतका.

"मशीन हललंय," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या.

"नाही मॅडम! टिकली बघा, पांढरी..."

"तुमची टिकली तुमच्या कंपनीची. माझ्या पेशंटचा आकडा माझा. घड्याळ बंद पडलं, तर दोष घड्याळाला देऊ का हलवणाऱ्याला? तुमच्या मालकांचा नंबर द्या."

हळूसाहेबाच्या डोळ्यांपुढे एक जिना आला. जिन्याला वळण होतं. वळणावर मखमली सोफा होता.

पण तो हार मानणाऱ्यातला नव्हता. मशीन त्याने स्वतः बांधलं होतं. मूल गुंडाळतात तसं गुंडाळलं होतं. मशीन हललेलं नाही, हे त्याला आपलं नाव ठाऊक असावं तसं ठाऊक होतं. मग आकडा हलला कसा? मशीन नाही हललं तर रक्त हललं. रक्त टेम्पोतून आलं. टेम्पोत रक्ताबरोबर काय होतं?

त्याची नजर टेबलावरच्या खोक्यावर गेली.

खोक्यावर कंपनीची पट्टी होती, पण कंपनीची माणसं पट्टी ओढून सरळ तोडतात. टोक तसंच, दातेरी. या पट्टीचं टोक आत दुमडून त्याचा छोटा त्रिकोण केला होता. पुढच्या वेळी नखाने सहज उचलता यावा म्हणून. असा त्रिकोण करणारा एकच माणूस हळूसाहेबाला माहीत होता. 'टोक मोकळं सोडणं म्हणजे गबाळेपणा,' हे वाक्य त्याने लग्नात, लग्नानंतर आणि प्रत्येक सणावारी ऐकलं होतं. आणि 'गाठ वाटेत सोडून परत मारली' याचाही आता उलगडा झाला. पट्टा सोडल्याशिवाय माणूस पायाशी वाकणार कसा?

त्याने वळून बाकाकडे बघितलं. सासरे छताकडे बघत होते. छतावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

एक शब्द बोलला की तो सुटत होता. 'मॅडम, खोका उघडा.' तीन शब्द झाले फार तर. पण त्या तीन शब्दांनी घड्याळकाकांचं घड्याळ सगळ्या लॅबसमोर फुटलं असतं. संध्याकाळी बायको विचारणार, बाबांना चोर ठरवून आलात? सासूबाई काही विचारणार नाहीत, नुसतं वाढताना हात आखडता घेतील. आणि न बोलावं तर सोफे.

"नंबर देताय ना?" डॉक्टरबाईंनी फोन हातात घेतला होता. खालून बँडचा पहिला सूर ऐकू आला. अध्यक्ष कमानीखालून आत आले होते.

हळूसाहेबाने नंबर सांगायला सुरुवात केली. नंबर लांब होता, आणि तो प्रत्येक आकडा हळू सांगत होता. तेवढीच त्याची हातोटी.

"फोन ठेवा," बाकावरून आवाज आला.

सासरे उभे होते. बाकावर बसल्यापासून पहिल्यांदा.

"काका, तुम्ही बसा. फिरायचं नाही," टेक्निशियन बाई सवयीने म्हणाली.

"आता काय उपयोग?" सासरे म्हणाले. ते दोन पावलं पुढे आले. पार्सल ऑफिसात नुकसानीची वर्दी देताना उभे राहत असतील, तसे उभे राहिले. "डॉक्टरबाई, मशीन शाबूत आहे. रस्त्यात एक खोका फुटला. तो माझ्या हातून फुटला."

"कुठला खोका?"

सासऱ्यांनी बोटाने दाखवला.

डॉक्टरबाईंना कळायला एक क्षण लागला. मग त्यांच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. "तुम्ही? घड्याळकाका, तुम्ही?"

"गाडी फारच हळू चालवतात हो हे लोक," सासरे म्हणाले. "वास येत होता. माणूस किती वेळ मशीनकडे बघणार?" मग त्यांनी घसा खाकरला आणि जावयाकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "जावयांनी जे आणलं ते जसंच्या तसं आणलंय. मीच तसा आलो नाही."

कुणी काही बोलण्याआधी दार धाडकन उघडलं आणि घामाने निथळणारा टेम्पोवाला थंड पेटी छातीशी धरून आत आला. "कमान पाडली साहेब," तो म्हणाला. "पण अध्यक्ष त्याआधीच आत गेले होते."

द्रव मशीनमध्ये गेला. मशीन घुमलं. आकडा अगदी हवा तोच आला, एका अंकाचाही फरक नाही. डॉक्टरबाईंनी फोन पर्समध्ये टाकला. "पुढच्या महिन्यात क्ष-किरण विभाग हलवायचाय," त्या हळूसाहेबाला म्हणाल्या. "तुमच्या मालकांना मी कळवीन. फक्त नातेवाईक घरी ठेवून या."

अध्यक्षांनी फीत कापली. पहिला छापील रिपोर्ट द्रवाचा दाखवला गेला. अध्यक्षांनी 'वा' म्हटलं आणि मिठाईचा खोका उघडला. वरचा थर नव्हता. तिथे फोमचा एक तुकडा अगदी मापात कापून बसवलेला होता, म्हणजे खालचा माल हलू नये.

"नवीन पॅकिंग आहे का?" अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं.

"जुनं आहे," हळूसाहेब म्हणाला. "आता असं कुणी करत नाही."

बाकावर सासऱ्यांची मान किंचित ताठ झाली.

*

दोघं सासऱ्यांच्या घराकडे परतत होते. सासऱ्यांचा रिपोर्ट जावयाच्या खिशात होता. लॅबचा नियम असा की तो जवळच्या नातेवाइकाच्या हातात द्यायचा, आणि आज जवळचा तोच होता.

"जावईबापू," सासऱ्यांनी सुरुवात केली. एरवी या शब्दाला ते टोचणी लावून म्हणत. आज टोचणी नव्हती. "घरी काय सांगणार?"

"आमच्या कंपनीचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. मिळालं ते जसंच्या तसं पोचवायचं."

सासऱ्यांनी मान डोलावली. नियमाविरुद्ध बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांच्या रक्तात सध्या दुसरंच काहीतरी होतं.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काय आला आकडा?"

हळूसाहेबाने खिशाकडे हात नेला, आणि मग नेला तसाच खाली आणला. "मशीन आज नव्या जागी बसलंय, आई. पहिल्या दिवशीचा आकडा धरत नाहीत. पुढच्या सोमवारी परत घेऊन जाईन मी त्यांना."

"एवढंच ना? मग काळजी नाही. यांचा आकडा काय, ठरलेलाच असतो." सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. "बसा, चहा टाकते. दमला असाल. अहो, तो बिस्किटांचा डबा काढा ना जावयांसाठी."

"असू दे," सासरे घाईने म्हणाले. "ते काही खाणार नाहीत."

"विचारलंत का त्यांना?" म्हणत सासूबाईंनी स्वतःच फळीवरून डबा काढला आणि टेबलावर ठेवला. पाहुण्यांसाठी ठेवलेला गोड बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकणाच्या कडेने चिकटपट्टी गोल फिरवलेली होती, आणि तिचं टोक आत दुमडून छोटा, नीटस त्रिकोण केलेला होता.

"मुंग्या लागू नयेत म्हणून हे स्वतः चिकटवतात," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "दर वेळी नवी पट्टी. रोज न चुकता बघतात, नीट आहे का म्हणून."

"रोज?" हळूसाहेबाने विचारलं.

"रोज. न्याहारी झाली की. सोमवारी रक्त द्यायला जायच्या दिवशीसुद्धा. आजच तेवढी गडबडीत बाहेर न्याहारी झाली, म्हणून राहिलं."

इतकी वर्षं आकडा एका अंकानेही का हलत नव्हता, हे आता जावयाला कळलं. शिस्त खरीच होती. फक्त ती कशाची होती, ते कुणी विचारलं नव्हतं.

त्याने सासऱ्यांकडे बघितलं. सासरे छताकडे बघत होते.

हळूसाहेबाने नखाने अलगद तो त्रिकोण उचलला. पट्टी एकदाही न फाटता सुटली. त्याने डबा उघडला, एक बिस्किट घेतलं, झाकण लावलं, पट्टी होती तशी फिरवली आणि टोक दुमडून अंगठ्याने दाबलं.

सासऱ्यांनी डबा हातात घेतला. उजेडात धरून त्रिकोण सगळ्या बाजूंनी तपासला.

"जमतंय तुम्हाला," ते म्हणाले.